मोठा कार्ब्युरेटर लावला की पॉवर वाढतेच असं नाही

जुनी अमेरिकन व्ही-८ मसल कार रिस्टोअर करणाऱ्यांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) जितका मोठा तितकी पॉवर जास्त. पटण्यासारखं आहेच, कारण जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जळणार. पण हवा इंजिन ओढतं, कार्ब्युरेटर ती आत ढकलत नाही, आणि इंजिन किती ओढणार हे त्याच्या साइझवर आणि आरपीएमवर ठरतं.

हिशोब घरी करता येतो. इंजिनची क्युबिक इंचातली साइझ गुणिले जास्तीत जास्त आरपीएम, भागिले ३४५६. शेवरलेचं ३५० क्युबिक इंचाचं इंजिन ५५०० आरपीएमपर्यंत फिरवलं तर साधारण ५५७ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) येतात, त्यात रस्त्यावरचं इंजिन दर फेरीला पूर्ण भरत नाही म्हणून ८५ टक्के धरले तर ४७० च्या आसपास, म्हणजे ६०० सीएफएमचा कार्ब्युरेटर भरपूर झाला. तिथे ८५० चा बसवला की कमी आरपीएमला व्हेंचुरीतून (कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून) हवा संथ जाते, पेट्रोल नीट खेचलं जात नाही, त्याचे बारीक थेंब होत नाहीत आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी अडखळते, अ‍ॅव्हरेजही पडतं.

आहे तो पुरतोय का बघायचं तर इनटेक मॅनिफोल्डला (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरांकडे जाणाऱ्या पाइपांना) व्हॅक्यूम गेज लावा. फुल थ्रॉटल, टॉप आरपीएमला काटा शून्याजवळ असेल तर कार्ब्युरेटर अडवत नाहीये, पैसे सिलिंडर हेड, कॅमशाफ्ट, एक्झॉस्टवर घाला. व्हॅक्यूम दीड-दोन इंच पाऱ्याच्या वर असेल तरच मोठा बघा. ही टेस्ट मात्र डायनोवरच (गाडी जागीच पळवून पॉवर मोजणाऱ्या मशीनवर) करा, रस्त्यावर अजिबात नको.