ऑनलाइन दुकानातील वस्तूंची स्वयंचलित क्रमवारी

ऑनलाइन दुकानात ग्राहकाने एखादा विभाग उघडला किंवा शोधपेटीत शब्द टाकला की कोणती वस्तू आधी दाखवायची आणि कोणती मागे ठेवायची, हे संगणकाने ठरीव नियमांनुसार ठरवण्याच्या पद्धतीला स्वयंचलित क्रमवारी म्हणतात. फिल्टर लावल्याने वस्तू यादीतून वगळली जाते, तर क्रमवारीत ती केवळ खाली सरकते. मात्र मोबाइलच्या पडद्यावर एका वेळी मोजक्याच वस्तू मावत असल्याने फार खाली गेलेली वस्तू व्यवहारात नसल्यातच जमा असते.

सर्वांत साधी क्रमवारी किंमत, नाव किंवा दाखल झाल्याची तारीख अशा एकाच नोंदीवर लावली जाते. ‘किंमत : कमी ते जास्त’ हा पर्याय वरकरणी निर्धोक वाटतो, परंतु ‘प्रेशर कुकर’ असा शोध घेऊन तो निवडल्यास यादीच्या आरंभी अनेकदा कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्याच येतात, कारण त्यांच्याही नावात ‘कुकर’ हा शब्द असतो आणि त्या स्वस्त असतात. म्हणून शोधलेली वस्तू कोणत्या वर्गातली आहे हे आधी ठरवून मगच किंमत पाहावी लागते. नावानुसार लावलेल्या क्रमात मराठीची एक वेगळी अडचण आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या संगणकीय प्रमाणात, ‘ळ’चे स्थान ‘ल’नंतर आणि ‘व’च्या आधी आहे, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, त्यामुळे केवळ संकेतांकांवर लावलेल्या यादीत ‘कळशी’ ही ‘कवडी’च्या आधी येते. भाषेचा वर्णक्रम संगणकाला स्वतंत्रपणे सांगितला, तरच ही चूक टळते.

‘लोकप्रियता’ म्हणजे बहुधा विक्री. दुकान सुरू झाल्यापासूनची एकूण विक्री मोजली तर जुनी वस्तू वर्षानुवर्षे वरच राहते आणि नवीन वस्तूला संधी मिळत नाही; म्हणून अलीकडच्या काही दिवसांचीच विक्री मोजणे किंवा जुन्या विक्रीचा भार हळूहळू घटवणे अधिक योग्य ठरते.

ग्राहकांच्या ताऱ्यांची साधी सरासरीही फसवी असते. समजा, एका मिक्सरला तिघांनीच प्रत्येकी 5 तारे दिले आहेत आणि दुसऱ्याला 400 जणांनी सरासरी 4.6 तारे दिले आहेत. साध्या सरासरीने पहिला मिक्सर वर जातो, पण तीन मतांवर कितपत विसंबावे? यावर उपाय म्हणून प्रत्येक वस्तूच्या खात्यात दुकानाच्या सर्वसाधारण सरासरीइतके तारे देणारी काही काल्पनिक मते आधीच धरतात. ही सरासरी 4.2 आणि काल्पनिक मते 20 मानल्यास पहिल्या मिक्सरचे गुण सुमारे 4.30, तर दुसऱ्याचे सुमारे 4.58 होतात. मते वाढत जातील तसा काल्पनिक मतांचा प्रभाव आपोआप ओसरतो.

शोधाच्या निकालांत शब्द किती जुळतात यालाही गुण असतात. जो शब्द थोड्याच नोंदींत आढळतो त्याला अधिक भार द्यावा, ही त्यामागची कल्पना ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडली. मोठ्या दुकानांत या गुणांबरोबर विक्री, तारे, शिल्लक साठा, पोहोचवण्यास लागणारा वेळ आणि ग्राहकाची आधीची खरेदी असे अनेक घटक एकत्र केले जातात, आणि त्यांचे भार पूर्वीच्या क्लिक व खरेदीच्या नोंदींवरून यंत्रच शिकते. या शिकण्यात एक खोट आहे: वरची वस्तू वर असल्यामुळेच अधिक पाहिली जाते आणि त्या क्लिकच्या आधारावर पुन्हा वरच राहते. हे चक्र मोडण्यासाठी काही नव्या वस्तू मुद्दाम वरच्या जागी दाखवून पाहतात.

पैसे घेऊन वर आणलेल्या वस्तूंवर ‘प्रायोजित’ अशी खूण असते, तरी ती बहुधा इतक्या बारीक अक्षरांत असते की घाईत नजरेतून सुटते. भारतात ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 नुसार, अनेक विक्रेत्यांना एकत्र आणणाऱ्या संकेतस्थळांनी वस्तूंचा किंवा विक्रेत्यांचा क्रम ठरवणारे मुख्य निकष आणि त्यांचे परस्परांच्या तुलनेतील महत्त्व सोप्या भाषेत, सहज सापडेल अशा ठिकाणी सांगणे बंधनकारक आहे. प्रत्येक निकषाचा नेमका भार आकड्यांत जाहीर करण्याची सक्ती मात्र त्यात नाही.