घरातल्या पोर्ट्रेटसाठी एकापेक्षा जास्त फ्लॅश

बंद खोलीत माणसाचा फोटो काढताना कॅमेऱ्यावरच्या एकाच फ्लॅशवर न भागवता दोन, तीन किंवा चार फ्लॅश वेगवेगळ्या जागी स्टँडवर लावायचे आणि सगळे एकाच क्षणी उडवायचे, याला मल्टी-फ्लॅश लायटिंग म्हणतात. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश लेन्सच्याच दिशेने तोंडावर उजेड फेकतो, त्यामुळे नाक-गाल-हनुवटीच्या सावल्या दिसतच नाहीत, चेहरा सपाट होतो, कपाळ चमकतं आणि भिंत जवळ असेल तर डोक्यामागे काळी कडक सावली चिकटते. फ्लॅश कॅमेऱ्यापासून सुटा करून बाजूला नेला की यातलं बरंचसं एका झटक्यात सुधारतं, म्हणजे खरा फरक पहिल्या फ्लॅशनेच पडतो. दुसरा लावायचा तो पहिल्याने जे राहून गेलं तेवढं भरून काढायला.

पहिला फ्लॅश म्हणजे की लाइट, म्हणजेच मुख्य उजेड. तो साधारण ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर ठेवतात, समोर उजेड मऊ करणारी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स (पांढरं कापड लावलेली पेटी). दुसरा फिल, सावलीची बाजू अगदी काळी पडू नये एवढ्यापुरता, आणि तो कॅमेऱ्याच्या जवळून दिलेला बरा. तिसरा मागून केसांवर आणि खांद्यावर कड काढतो, त्याला रिम किंवा हेअर लाइट म्हणतात, काळे केस गडद बॅकग्राउंडमध्ये विरघळतात तेव्हा याची किंमत कळते. चौथा बॅकग्राउंडवर. नवीन माणूस हमखास करतो ती चूक म्हणजे दोन फ्लॅश दोन्ही बाजूंना ४५ अंशात, सारख्याच पॉवरवर. मग नाकाच्या दोन सावल्या दोन्ही गालांवर पडतात आणि चेहऱ्याला दिशाच राहत नाही. फिल हा मुख्य फ्लॅशपेक्षा कमीच हवा. किती कमी, तर कॅमेऱ्याजवळून दिलेला फिल एक स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) असेल तर उजळ आणि सावलीची बाजू यांचं गुणोत्तर ३:१ येतं आणि दोन स्टॉप खाली असेल तर ५:१. पहिलं मऊ आणि सगळ्यांना चालणारं, दुसरं नाट्यमय, आणि वय झालेल्या चेहऱ्यावरच्या रेषा जपायच्या असतील तर मला दुसरंच जास्त आवडतं.

या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं काय तर अंतर. छोट्या लाइटचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई, दोन स्टॉपचा फरक. समजा फ्लॅश चेहऱ्यापासून १ मीटरवर आहे आणि भिंत चेहऱ्याच्या २ मीटर मागे, तर भिंतीपर्यंतचं अंतर ३ मीटर झालं, तिथे उजेड नववा हिस्सा उरतो आणि पांढरी भिंत फोटोत गडद राखाडी दिसते. तोच फ्लॅश ३ मीटरवर नेला आणि माणसाला भिंतीपासून १ मीटरवर उभं केलं तर भिंत चेहऱ्यापेक्षा एक स्टॉपही खाली जात नाही. भिंत तीच, फ्लॅश तोच, हे एकदा स्वतः करून बघितलं की बॅकग्राउंडसाठी वेगळा फ्लॅश लागतोच का हे आपोआप समजायला लागतं. छोट्या खोलीत उलटी अडचण येते, पांढऱ्या भिंती आणि छत उजेड सगळीकडे परत फेकतात त्यामुळे सावली टिकतच नाही, अशा वेळी सावलीच्या बाजूला काळं कापड लावलं तर फायदा होतो.

सेटिंगला सुरुवात सगळे फ्लॅश बंद ठेवून करायची. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, शटर १/१६० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/५.६ असं ठेवून एक फोटो काढला की नेहमीच्या घरगुती दिव्यात तो जवळजवळ काळा यायला हवा, म्हणजे आता फोटोत जे दिसेल ते आपण लावलेल्या उजेडाचं. मग फक्त की लाइट लावून फोटो, तो पटला की फिल, मग रिम. सगळे एकदम चालू केले तर कुठला फ्लॅश काय बिघडवतोय ते सापडत नाही. फ्लॅशचा झोत शटर उघडं असतानाच क्षणात येऊन संपतो म्हणून शटर स्पीड बदलून फ्लॅशचा उजेड कमी-जास्त होत नाही, तो अ‍ॅपर्चर, आयएसओ, पॉवर आणि अंतर यावर ठरतो. शटरने खोलीतला बाकीचा उजेड किती येऊ द्यायचा तेवढं ठरतं, आणि ते बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेलं तर फ्रेममध्ये काळा पट्टा येतो.

सगळे फ्लॅश एकत्र उडवायला आता बहुतेक जण २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ ट्रिगर वापरतात, फ्लॅशचे ए, बी, सी असे ग्रुप पाडले की कॅमेऱ्यावरूनच प्रत्येकाची पॉवर बदलता येते. ऑप्टिकल स्लेव्ह हा जुना आणि स्वस्त मार्ग, एक फ्लॅश उडाला की तो पाहून दुसरा उडतो, घरात छान चालतो. फक्त पहिला फ्लॅश टीटीएल मोडवर (यात कॅमेरा लेन्समधून उजेड मोजून पॉवर आपोआप ठरवतो) असेल तर तो मोजमापासाठी आधी एक बारीक प्री-फ्लॅश मारतो आणि स्लेव्ह त्यालाच फसून आधीच उडून जातो. त्यासाठी बऱ्याच फ्लॅशवर एस१ आणि एस२ असे दोन मोड असतात, एस२ त्या प्री-फ्लॅशकडे दुर्लक्ष करतो. पोर्ट्रेटसाठी मॅन्युअल मोडच बरा, कारण माणूस जागेवर बसलेला असतो आणि एकदा जमलेलं एक्स्पोजर पुढच्या पन्नास फोटोंत तसंच राहतं.

रिम लाइट लावताना त्या माणसाला डोकं जरासं वळवायला सांगा आणि नाकाचा शेंडा बघा, मागून येणारा उजेड गालावरून घसरून नाकाच्या टोकावर एक पांढरा ठिपका सोडतो, स्क्रीनवर छोटा दिसतो पण मोठ्या प्रिंटमध्ये नजर तिथेच जाते. फ्लॅश थोडा अजून मागे सरकवला की तो जातो. हाच फ्लॅश लेन्समध्ये डोकावत असेल तर फोटो धुरकट होतो, म्हणून त्यावर ग्रिड, म्हणजे झोत अरुंद करणारी जाळी, लावतात. चष्मा असेल तर की लाइट अजून वर आणि बाजूला न्यायचा, चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचलून काचा खाली झुकवायच्या, आणि तरीही काचेत पांढरा चौकोन दिसला तर बहुतेक वेळा तो कॅमेऱ्याजवळच्या फिलचा असतो, तो बंद करून सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल धरला तरी काम होतं.