‘इन्तेर्वेनीर’ : एका स्पॅनिश क्रियापदाच्या इंग्रजी अनुवादामागची पार्श्वभूमी

सोलापुरात स्पॅनिश शिकणारा विद्यार्थी बहुधा इंग्रजीच्या वाटेने त्या भाषेत शिरतो आणि ‘इन्तेर्वेनीर’ हे क्रियापद समोर आले की ओळखीचा वाटणारा ‘इंटरव्हीन’ (हस्तक्षेप करणे) हा इंग्रजी शब्द लिहून मोकळा होतो. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे : लॅटिनमधील ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘व्हेनिरे’ म्हणजे येणे. तरीही एवढ्या एका पर्यायावर विसंबून केलेला अनुवाद अनेकदा चुकतो, कारण पुढच्या काही शतकांत हे दोन शब्द वेगवेगळ्या दिशांना गेले.

इंग्रजीत हे क्रियापद अकर्मकच राहिले. कोणी वादात किंवा युद्धात ‘इंटरव्हीन’ करतो, पण एखाद्या माणसाला किंवा वस्तूला ‘इंटरव्हीन’ करता येत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र त्याचा सकर्मक वापरही रूढ झाला आणि माझ्या मते सगळ्या अडचणीची मुळी हीच आहे. हा वापर विशेषतः सरकारी कारभारात दिसतो. सार्वजनिक खर्चाची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला स्पेनमध्ये ‘इन्तेर्वेन्तोर’ म्हणतात. राज्याच्या हिशेबांवर देखरेख ठेवणारी तेथील मध्यवर्ती यंत्रणा १८७४ साली स्थापन झाली आणि तिच्या नावातही याच शब्दाचे नामरूप आहे. तेथे खाती ‘इन्तेर्वेनीर’ करणे म्हणजे लेखापरीक्षण करणे, टेलिफोन ‘इन्तेर्वेनीर’ करणे म्हणजे तो टॅप करणे, आणि पोलिसांनी अमली पदार्थ ‘इन्तेर्वेनीर’ केले म्हणजे ते जप्त केले. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी अनुक्रमे ‘ऑडिट’, ‘टॅप’ आणि ‘सीझ’ ही तीन वेगळी क्रियापदे लागतात. बँकेच्या बाबतीत आणखी एक अर्थ पुढे येतो : २८ डिसेंबर १९९३ रोजी बँक ऑफ स्पेनने बानेस्तो या बँकेचे संचालक मंडळ हटवून कारभार आपण नेमलेल्या माणसांकडे सोपवला, तेव्हा स्पॅनिशमध्ये त्या कृतीला ‘इन्तेर्वेन्सिओन’ म्हटले गेले. इंग्रजीत तेथे ‘टेक ओव्हर’ हेच शोभते, आणि आपल्याकडचा वाचक बँकेवर प्रशासक नेमला गेला असे म्हणेल.

प्रशासक हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे, कारण सहकारी संस्था, बाजार समित्या आणि नगरपालिका यांच्या बातम्या वाचणाऱ्या सोलापूरकराला तो नेमका कळतो. अर्जेंटिनाच्या १८५३ च्या संविधानातील सहाव्या अनुच्छेदानुसार संघ सरकार प्रांताच्या कारभारात ‘इन्तेर्वेनीर’ करू शकते, आणि त्यासाठी पाठवलेल्या अधिकाऱ्यालाही ‘इन्तेर्वेन्तोर’ असेच म्हणतात. आपल्या राज्यघटनेतील ३५६ व्या अनुच्छेदाची, म्हणजेच राष्ट्रपती राजवटीची, ओळख असलेल्या वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. येथे इंग्रजी अनुवादकांनी ‘फेडरल इंटरव्हेन्शन’ ही संज्ञा जशीच्या तशी ठेवली आहे आणि घटनात्मक लेखनात तेच योग्य आहे. बातमीत मात्र केंद्राने प्रांताचा कारभार हाती घेतला, असे उलगडून सांगावे लागते.

राजकारणात दोन्ही भाषा पुन्हा जवळ येतात. १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीने, म्हणजे अमेरिकी काँग्रेसने केलेल्या कायद्यातील तरतुदीने, अमेरिकेला क्युबामध्ये हस्तक्षेपाचा अधिकार दिला, तो १९३४ मध्ये संपुष्टात आला. मधल्या काळात, १९३३ साली, माँटेव्हिडिओ येथील कराराने कोणत्याही राज्याला दुसऱ्याच्या अंतर्गत वा बाह्य व्यवहारात हस्तक्षेपाचा अधिकार नाही असे जाहीर केले. अशा मजकुरात ‘इंटरव्हीन’ हाच अनुवाद बरोबर आहे, दुसरा शोधू नये. १९३६ मध्ये स्पेनचे यादवी युद्ध सुरू झाल्यावर लंडनमध्ये जमलेली युरोपीय देशांची समितीही ‘नॉन-इंटरव्हेन्शन’ याच नावाने ओळखली गेली. त्या युद्धात वैद्यकीय सेवा बजावलेले डॉ. अटल पुढे १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचे प्रमुख होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच पथकात होते.

कोटणिसांचे नाव आले की या क्रियापदाचा वैद्यकीय अर्थ ओघाने आठवतो. स्पॅनिश वृत्तपत्रात रुग्णाला ‘इन्तेर्वेनीर’ केले असे छापून आले तर त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, एवढाच त्याचा अर्थ असतो. इंग्रजीत ‘ऑपरेट ऑन’ म्हणावे लागते.

अकर्मक रूप वरवर सोपे दिसते, पण तेथेही घाई नको. खासदाराने चर्चेत ‘इन्तेर्वेनीर’ केले, तर बहुतेक वेळा तो फक्त बोललेला असतो, इंग्रजीत ‘स्पोक’. त्याने कोणाच्या मध्ये तोंड घातलेले नसते. अभिनेत्रीने चित्रपटात ‘इन्तेर्वेनीर’ केले, म्हणजे तिने त्यात काम केले. मराठीत आपण हस्तक्षेप, मध्यस्थी, ढवळाढवळ, भाग घेणे, जप्ती, शस्त्रक्रिया हे शब्द सहसा एकमेकांच्या जागी वापरत नाही. म्हणून स्पॅनिश वाक्य इंग्रजीत नेण्याआधी ते मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहावे असे मी सुचवीन : येथे हस्तक्षेप हा शब्द कानाला खटकला, तर ‘इंटरव्हीन’ही बहुधा खटकणार आहे.