विंग चुन

विंग चुन : जवळच्या अंतरावरून लढण्याची दक्षिण चीनमधील एक युद्धकला. प्रतिस्पर्धी हाताच्या टप्प्यात आला की शरीराच्या मध्यरेषेवर ताबा मिळवायचा, बचाव व प्रहार शक्यतो एकाच हालचालीत साधायचे आणि आखूड, सरळ ठोशांची सलग मालिका देऊन लढत काही क्षणांत संपवायची, हे तिचे सूत्र होय. उंच लाथा, उड्या आणि लांब झेपा यांना तीत जवळजवळ स्थान नाही. ग्वांगदोंग प्रांतातील फोशान हे शहर तिचे ज्ञात केंद्र असून आज जगभर प्रचलित असलेल्या बहुतेक शाखा १९५० नंतर हाँगकाँगमधून पसरल्या आहेत.

‘विंग चुन’ हा कँटोनी उच्चार आहे. मंदारिनमध्ये हेच नाव ‘योंगचुन’ असे उच्चारतात. पहिल्या अक्षराचा अर्थ ‘गाणे, स्तवन करणे’ आणि दुसऱ्याचा ‘वसंत’ असा आहे. काही शाखा मात्र पहिले अक्षर वेगळे लिहितात. त्याचा अर्थ ‘चिरंतन’ असा होतो, आणि नेमके हेच अक्षर फूज्यान प्रांतातील योंगचुन या परगण्याच्या नावातही आहे. उत्पत्तीच्या वादात या योगायोगाला, तो योगायोग असलाच तर, बरेच महत्त्व आले आहे. रोमन लिपीत या नावाची निदान तीन वर्णांतरे रूढ आहेत. त्यांतील W ऐवजी V या अक्षराने सुरू होणारे रूप, आद्याक्षरे इंग्रजीतील शौचालयाच्या संक्षेपाशी जुळू नयेत म्हणून निवडले गेले, असे सांगतात.

परंपरागत कथेनुसार ही कला एका स्त्रीने निर्माण केली आणि दुसऱ्या स्त्रीच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली. चिंग राजवटीच्या सैन्याने शाओलिन मठ जाळला तेव्हा निसटलेल्या पाच ज्येष्ठांपैकी ङ मुई ही भिक्षुणी युन्नान व सेच्वान यांच्या सीमेवरील डोंगरात आश्रयाला गेली. (आरंभीचा हा उच्चार रोमन लिपीत दोन व्यंजने जोडून कसाबसा दाखवतात, देवनागरीत त्याला स्वतंत्र अक्षर आहे.) डोंगराच्या पायथ्याशी टोफू विकणाऱ्या गृहस्थाची मुलगी यिम विंग-चुन हिला एक स्थानिक गुंड लग्नासाठी सतावत होता. ङ मुईने तिला आपली विद्या शिकवली, विंग-चुनने गुंडाला हरवले आणि पुढे ठरलेला वर, मिठाचा व्यापारी लुंग बोक-चाउ, याच्याशी तिचा विवाह झाला. पतीने ही विद्या लुंग लान-क्वाई याला दिली, त्याच्याकडून ती ‘लाल नावां’वरील (नाटकमंडळ्यांच्या प्रवासी होड्यांवरील) वाँग वा-बो व लुंग यी-ताई या नटांकडे आणि त्यांच्याकडून फोशानमधील वैद्य लुंग जान याच्याकडे आली. ङ मुईला ही युक्ती बगळा आणि साप यांची झुंज पाहून सुचली, अशी जोड काही ठिकाणी दिली जाते. सापाऐवजी कोल्हाही आढळतो.

या कथेचा सर्वाधिक उद्धृत केला जाणारा पाठ पुढे हाँगकाँगमध्ये ही कला शिकवणारे यिप मान (१८९३–१९७२) यांच्या एका छोट्या टिपणातील आहे. त्यात मठाचा विध्वंस कांग्शी सम्राटाच्या काळात (१६६२–१७२२) घडल्याचे म्हटले आहे. येथे पहिली अडचण कालगणनेची आहे. लुंग जानचा जन्म परंपरेनुसार १८२६ च्या सुमाराचा मानतात. म्हणजे विध्वंसाचे वर्ष कांग्शीच्या कारकिर्दीच्या अगदी अखेरचे धरले तरी तो शिकू लागेपर्यंतची सव्वाशेहून अधिक वर्षे भरून काढायला मोजकी चार-पाच नावेच हाती उरतात. हे अशक्य नाही. पण प्रत्येकाने आपल्या उतारवयात एखाद्या तरुणालाच शिकवले असे गृहीत धरावे लागते. दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. कांग्शीच्या काळात शाओलिन मठ जाळला गेल्याचा भरवशाचा पुरावा नाही. ङ मुईचे नाव छापील साहित्यात आढळते ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लोकप्रिय साहसकथांमध्ये. त्यापूर्वीचा विश्वसनीय उल्लेख हाती नाही. जळालेला मठ आणि निसटलेले पाच जण हा सांगाडा दक्षिणेतील गुप्त मंडळांच्या दीक्षाकथांतही जवळजवळ जसाच्या तसा सापडतो. तेव्हा ही कथा इतिहास म्हणून नव्हे, तर एकाच मुशीतून निघालेल्या अनेक वंशकथांपैकी एक म्हणून वाचणे सयुक्तिक ठरते.

दुसऱ्या मतानुसार जनकत्व एका नटाकडे जाते. कँटोनी ऑपेराच्या इतिहासकथांत जांग वू (कँटोनी उच्चार चुंग ङ) या कलावंताचा उल्लेख येतो. ‘तान साउ ङ’, म्हणजे ‘पसरल्या हाताचा ङ’, हे त्याचे टोपणनाव होते. योंगझेंग सम्राटाच्या काळात (१७२३–१७३५) तो उत्तरेकडून पळून फोशानला आला आणि तेथे त्याने नटांना नाट्य व युद्धकला दोन्ही शिकवल्या, असे म्हणतात. ‘तान साउ’ हे विंग चुनमधील एका मूलभूत हाताचेही नाव असल्याने हे मत आकर्षक वाटते. परंतु नामसाम्यापलीकडे तंत्रांचा दुवा दाखवता येत नाही आणि एका टोपणनावावर अख्खी परंपरा टांगणे धाडसाचे होईल.

तिसरे मत फूज्यानमधील श्वेत बगळा शैलीकडे बोट दाखवते. आखूड पल्ला, अरुंद पवित्रा, हाताला हात चिकटवून करावयाचा सराव ही तांत्रिक साम्ये तर आहेतच. शिवाय योंगचुन परगण्याशी निगडित असलेल्या त्या शैलीची आद्य गुरूही फांग ची-न्यांग नावाची स्त्रीच मानली जाते आणि तिच्याही कथेत बगळा आहे. स्त्री, बगळा आणि योंगचुन हे तिन्ही धागे दोन शेजारी प्रांतांत स्वतंत्रपणे जुळून आले असतील, असे मानणे कठीण जाते. फूज्यानकडून आलेल्या तंत्रांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फोशानमध्ये आजचा आकार मिळाला, हे अनुमान उपलब्ध पुराव्याशी त्यातल्या त्यात अधिक जुळते.

त्या काळचे फोशान हे चीनच्या चार प्रसिद्ध व्यापारी नगरांपैकी एक होते. १८५४ मध्ये ग्वांगदोंगात लाल फेटेवाल्यांचा उठाव झाला. त्याच्या पुढाऱ्यांत ली वेनमाउ हा ऑपेरा नट होता, आणि उठाव मोडल्यावर सरकारने कँटोनी ऑपेरावर बंदी घालून फोशानमधील नटांचे संघगृह उद्ध्वस्त केले. रंगमंच गेलेले नट या काळात शहरातील व्यापारी व वैद्य यांच्या आश्रयाने राहिले असतील आणि लुंग जानला गुरू मिळाले ते असेच, हा तर्क पटण्याजोगा आहे. नाटकमंडळ्या ज्या लाल नावांतून प्रवास करीत त्यांच्या अरुंद डेकमुळेच शैलीचा पवित्रा आखूड झाला, हे नेहमी सांगितले जाणारे स्पष्टीकरण मात्र जपूनच घ्यावे. याच शैलीत जवळजवळ तीन मीटर लांबीची काठी चालवतात, आणि या काठीचा उगम होडी ढकलण्याच्या वेळूत असल्याचे तीच परंपरा सांगते.

लुंग जाननंतर इतिहास बराच स्थिर होतो. त्याचा शिष्य चान वा-शुन नाणी मोडून देण्याचा धंदा करी. त्यावरूनच त्याचे टोपणनाव पडले. उतारवयात त्याने फोशानमधील यिप घराण्याच्या पितृगृहात शिकवणी चालवली आणि तेथे त्याला शेवटचा शिष्य मिळाला तो यिप मान. गुरूच्या मृत्यूनंतर यिपचे पुढील शिक्षण ङ चुंग-सोक या ज्येष्ठ गुरुबंधूकडे झाले. लुंग जानने म्हातारपणी आपल्या मूळ गावी, गुलाउ येथे, शिकवलेली शाखा आणि युएन के-सान यांची शाखा या दोन्ही यिपच्या परंपरेहून वेगळ्या आहेत. परंतु त्यांविषयीची लिखित सामग्री तुटपुंजी आहे. १९४९ च्या सत्तांतरानंतर यिप हाँगकाँगला आले आणि १९५० मध्ये उपाहारगृह कामगारांच्या संघटनेत शिकवू लागले. पंचतत्त्वे, अष्टकोन असल्या जुन्या परिभाषेला त्यांनी फाटा दिल्याचे त्यांचे शिष्य सांगत. तंत्रापुरते बोलणारी आजची सुटसुटीत विंग चुन ही बऱ्याच अंशी याच वर्गातील निर्मिती आहे.

निःशस्त्र हालचालींच्या तीन मालिका आहेत : सिउ निम ताउ (लहान विचार), चुम किउ (सेतूचा शोध) आणि बिउ जी (भोसकणारी बोटे). यांतील ‘सेतू’ म्हणजे दोघांच्या हातांचा संपर्क. पहिली मालिका पाऊल न हलवता एका जागी उभे राहून करतात. पवित्र्याचे नाव ‘मेंढी पकडणारा’ असे असून पावले आत वळलेली, गुडघे जवळ आणि माकडहाड आत घेतलेले असते. मालिकेच्या पहिल्या भागात तळवा वर करून हात मध्यरेषेवरून पुढे सरकतो, मनगट वर्तुळात फिरते, बोटे वर राहून तळहात परत छातीकडे येतो. कोपर छातीपासून सुमारे मुठीएवढ्या अंतरावर आले की तो पुन्हा पुढे निघतो. तीनदा परत येणाऱ्या या उभ्या तळव्यामुळे या भागाला ‘बुद्धाला तीन नमस्कार’ म्हणतात. तो इतका सावकाश करतात की एखादा जुना वस्ताद त्यातच अर्धा तास घालवतो. सगळी शक्ती कोपरातून यावी, खांद्यातून येऊ नये, एवढेच येथे शिकायचे असते. ठोसा उभ्या मुठीने, खालच्या तीन सांध्यांवर बसेल असा देतात.

शैलीचे खरे वैशिष्ट्य ‘ची साउ’ म्हणजे चिकटत्या हातांच्या सरावात दिसते. दोघे समोरासमोर उभे राहून पुढचे हात एकमेकांवर टेकवतात. प्रत्येकाचा एक हात प्रतिस्पर्ध्याच्या हातावर ठेवलेला (फूक साउ) असतो. दुसरा खालून तळवा वर (तान साउ) आणि कोपर वर (बोंग साउ) या दोन स्थितींत आलटून पालटून फिरत राहतो. बघणाऱ्याला जात्यावर दळण चालल्यासारखे वाटते. पण दोन्हीकडून सतत पुढे हलका दाब असतो, आणि समोरच्याचा दाब कोठे ढिला पडला हे डोळ्यांआधी त्वचेला कळते. शैलीतील प्रसिद्ध वचन नेमके हेच सांगते : येईल ते थोपवून धरावे, जाईल त्याला पोचवावे, हात सुटला की सरळ घुसावे. ‘पोचवणे’ या जागी असलेले क्रियापद पाहुण्याला निरोप देताना वापरतात तेच आहे. मागे हटणाऱ्या हाताला ढकलायचे नाही, त्याच्यासोबत त्याच्या घरापर्यंत जायचे.

लाकडी पुतळ्याला तीन हात आणि एक पाय असतो. फोशानमध्ये तो जमिनीत पुरत. हाँगकाँगच्या इमारतींत ते शक्य नसल्याने दोन आडव्या पट्ट्यांवर टांगण्याची पद्धत निघाली, आणि पट्ट्यांच्या लवचिकतेमुळे पुतळा मारणाऱ्याला किंचित प्रतिसाद देऊ लागला. यिप यांच्या परंपरेतील पुतळ्याची मालिका ११६ हालचालींची मानतात. जुना आकडा १०८ असून तो बौद्ध संकेतावरून आला असावा. शस्त्रे दोनच : साडेसहा तंत्रांची काठी आणि जोडसुऱ्या. दोन्ही सहसा थोड्याच शिष्यांना शिकवली जात.

शाखाभेद मुख्यतः पायांत आहेत. वळताना टाचेवर फिरावे की तळपायाच्या मध्यावर, आणि वजन दोन्ही पायांवर सारखे असावे की सर्वस्वी मागच्या पायावर, यावरून गुरुबंधूंत कायमचे बिनसल्याची उदाहरणे आहेत.

१९५० च्या दशकात हाँगकाँगमधील तरुण इमारतींच्या गच्च्यांवर इतर शैलींच्या लोकांशी ‘बेइमो’ नावाच्या खासगी लढती करीत. यिप यांचे शिष्य वाँग शुन-लुंग (१९३५–१९९७) यांनी त्यांत नाव कमावले, आणि रस्त्यावर उपयोगी पडणारी शैली हा विंग चुनचा लौकिक प्रामुख्याने याच लढतींतून तयार झाला. त्याच वर्गात शिकलेला ब्रूस ली १९५९ मध्ये अमेरिकेस गेला. त्याच्या कीर्तीमुळे गुरूचे नाव चीनबाहेर पोहोचले. युरोपात, विशेषतः जर्मनीत, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लुंग तिंग यांच्या शाखेची मोठी संघटना उभी राहिली. स्वसंरक्षणाच्या दृष्टीने जिना, लिफ्ट, गल्ली अशा जागी जेथे मागे सरकायला वाव नाही तेथे या शैलीचा आखूड पल्ला उपयोगी ठरतो. मात्र ची साउ म्हणजे लढत नव्हे. केवळ त्याच्यावर विसंबलेले शिष्य दूर राहून मारणाऱ्या मुष्टियोद्ध्यासमोर किंवा पायांत घुसणाऱ्या मल्लासमोर गोंधळतात, असे अलीकडच्या खुल्या लढतींत वारंवार दिसले आहे. त्यामुळे अनेक शिक्षक आता हातमोजे घालून मुक्त लढतीचा सराव घेतात. हाँगकाँगच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या २०१४ मधील पहिल्या सूचीत विंग चुनचा समावेश असून फोशानच्या प्राचीन पितृमंदिराच्या आवारात यिप मान यांचे स्मृतिदालन आहे.