क्वायर प्रत्यक्ष ऐकणं

क्वायर म्हणजे गायनवृंद. पण पाश्चात्य शास्त्रीय संगीतात याचा अर्थ नुसतं सगळ्यांनी मिळून गाणं असा नाही, एकाच वेळी वेगवेगळ्या सुरावटी गाऊन त्यातून एक आवाज उभा करायचा असतो. साधारण चार भाग असतात, बायकांचा उंच आवाज सोप्रानो, खालचा आल्टो, पुरुषांचा उंच टेनर आणि सगळ्यात खालचा बास. यातलं बरंचसं संगीत चर्चच्या उपासनेसाठीच लिहिलं गेलंय, आता ते हॉलमध्येही होतं. ही नोंद ते समोर बसून कसं ऐकायचं याबद्दल आहे, आणि तेही कोल्हापूरच्या कानानं.

समूहानं गायलेलं देवाचं गाणं कोल्हापूरला काही नवीन नाही. आषाढीला नंदवाळच्या दिंडीत चाललेल्या माणसाला विचारा, शेकडो टाळ एका ठेक्यात पडले की अंगावर काटा येतो. पण भजनात बुवा ओळ म्हणतात आणि मागचे टाळकरी तीच ओळ उचलतात, म्हणजे माणसं शंभर असली तरी चाल एकच. क्वायरमध्ये शेजारी उभ्या दोघांच्या चालीसुद्धा वेगळ्या असू शकतात, त्यामुळं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कान कुणाकडं द्यायचा तेच कळत नाही आणि तो एक मोठा गोड आवाज ऐकून घरी येतो. यावर उपाय सोपा आहे, एक ओळ धरायची. आधी बास धरा, तो पायासारखा असतो, मग आल्टो शोधा. आल्टो सापडली की बाकीचं गाणं तिच्या भोवती उलगडत जातं, हे मात्र दोन-तीनदा ऐकल्याशिवाय जमत नाही.

आपल्या कानाला एक गोष्ट आधीच येते आणि ती इथं फार कामाला येते. हे गायक अल्लादिया खाँसाहेबांचं गाव, १८८३ पासूनचा देवल क्लब, म्हणजे गाण्याची जुनी संस्था, इथं आहे, त्यामुळं मैफिलीआधी तानपुरे जुळताना ऐकत बसलेली माणसं घरोघरी सापडतील. खर्जाची तार नीट लागली की कुणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो ना, तो स्वयंभू गंधार, तसंच क्वायरमध्ये होतं. वाद्याची साथ नसताना चारही आवाज अगदी शुद्ध जुळले की वर एक सूर झळकतो जो समोरचं कुणीच गात नसतं. मोबाईलच्या स्पीकरवर हे बहुतेक हरवतंच, भिंती, छत आणि हवा सगळं मिळून ते घडतं म्हणून तिथं असावं लागतं. आणि श्वास बघा, लांब सूर चालू असताना गाणारे एकदम श्वास घेत नाहीत, एकेक जण हळूच थांबून पुन्हा आत शिरतो, त्यामुळं सूर तुटतच नाही. जवळ बसलं तर हे चक्क डोळ्यांनी दिसतं.

कुठून सुरुवात करायची तर हँडल या संगीतकाराच्या 'मसाया' या क्वायरसाठीच्या मोठ्या रचनेपासून. १७४१ मध्ये त्यानं ते २४ दिवसांत लिहिलं आणि १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये ते पहिल्यांदा झालं, तेही धर्मादाय कामासाठी. जास्त माणसं मावावीत म्हणून बायकांनी घेरदार झग्याखालची कडी घालू नये आणि पुरुषांनी तलवार आणू नये अशी विनंती केली होती! त्यातल्या 'हालेलूया'ला अजूनही बरेच श्रोते उभे राहतात. बाख या संगीतकाराचं १७२७ चं सेंट मॅथ्यू पॅशन, म्हणजे येशूच्या दुःखाची आणि मरणाची गाण्यातली कथा, जरा जड आहे, पण त्याची सुरुवात प्रत्यक्षच ऐकावी असं मला मनापासून वाटतं, दोन क्वायर असतात, एक म्हणतो 'बघा', दुसरा विचारतो 'कुणाला?', अगदी सवाल-जवाब. मान इकडून तिकडं आपोआप वळते.

कोल्हापुरात ख्रिस्ती मिशनचं काम १८५२ पासूनचं, रॉयल वायल्डर यांनी सुरू केलेलं, आणि त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च इथं आहे. मराठी उपासनेत चार भागांची गीतंही असतात आणि पेटी-तबल्यावरची भजनंही, कारण कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली. नाताळाच्या किंवा उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) उपासनेला शांतपणे मागं बसून ऐकता येतं, फक्त ती मैफल नाही, प्रार्थना आहे हे लक्षात ठेवायचं. मोठा क्वायर हवा असेल तर मुंबई, नाहीतर आंबोलीमार्गे गोवा. जुन्या गोव्यात टेकडीवरच्या मोंटच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, फेब्रुवारीत संगीत महोत्सव होतो, तिथलं जुनं बांधकामच आवाजाला धरून ठेवतं.

टाळ्यांचं सांभाळा. मोठ्या रचनेचे बरेच तुकडे असतात, मधे थांबले म्हणून संपलं असं नाही. सगळं संपल्यावरसुद्धा कंडक्टरचा, म्हणजे समोर उभं राहून हातानं इशारे देणाऱ्याचा, हात खाली येईपर्यंत थांबायचं, कारण शेवटचा सूर गाणाऱ्यांनी सोडला तरी छताखाली तो अजून फिरत असतो.