तिरक्या पिनांचं वॉशिंग मशीन

ऑस्ट्रेलियातून आलेलं जुनं वॉशिंग मशीन ओळखायला फार खटपट लागत नाही. वायरच्या टोकाकडे पाहायचं. दोन चपट्या पिना कौलारू घराच्या छपरासारख्या एकमेकींकडे कललेल्या, आणि खाली तिसरी सरळ उभी, अर्थिंगची. दर्शनी बाजूला निळ्या ताऱ्यांचं स्टिकर शिल्लक असेल तर शंकाच नको. मशीन पाणी किती पितं हे ताऱ्यांमध्ये सांगणारं हे स्टिकर तिथे २००६ पासून सक्तीचं आहे. देश लांबलेल्या दुष्काळात होरपळत होता तेव्हाची ही गोष्ट.

हे मशीन समुद्र ओलांडून दुसऱ्या देशात विकायला का येतं, याचं निम्मं उत्तर जहाजांच्या व्यवहारात आहे. ऑस्ट्रेलिया विकतो ते प्रामुख्याने लोहखनिज, कोळसा, धान्य, म्हणजे मोठ्या जहाजात सुटं भरायचा माल. विकत घेतो ते टीव्ही, कपडे, फर्निचर, आणि ते येतं कंटेनरमधून. त्यामुळे आलेल्या कंटेनरपैकी बरेच रिकामेच परत जातात. जुन्या, अवजड, कमी किमतीच्या वस्तू परदेशी धाडणाऱ्याला अशी परतीची वाट परवडते. तिकडे मजुरी महाग असल्याने बेअरिंग बदलण्यापेक्षा नवं मशीन घेणं लोकांना सोपं वाटतं, आणि जुनं घराबाहेरच्या पदपथावर येतं. मेलबर्न-सिडनीत शिकायला गेलेल्या कित्येक मराठी मुलांच्या पहिल्या संसारातलं सामान अशाच पदपथांवरून आलेलं असतं.

उरलेलं उत्तर विजेत आहे. ऑस्ट्रेलियात वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फिजी, सामोआ, टोंगा, पापुआ न्यू गिनी इथेही व्होल्टेज जवळपास तेवढंच आणि पिनाही त्याच तिरक्या. म्हणजे मशीन उतरवायचं, नळ जोडायचा, सुरू करायचं. भारतात फक्त प्लग बदलावा लागतो, वीज तीच. तिथलं घर आवरून परत येणारी मंडळी मशीन सोबत आणतात ती यामुळेच.

फिलिपिन्समध्ये मात्र गंमत होते. तिथे व्होल्टेज २२०, पण वारंवारता ६० हर्ट्झ. जुन्या पद्धतीच्या मशीनमधली इंडक्शन मोटर विजेच्या लाटांच्या तालावर फिरते. चार पोलांची (चुंबकी ध्रुवांची) मोटर ५० हर्ट्झला मिनिटाला साधारण १५०० फेऱ्या घेऊ पाहते, ६० हर्ट्झला १८००. वेग २० टक्क्यांनी वाढला, पण कपडे पिळताना ड्रमवर येणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ४४ टक्क्यांनी. ज्या बेअरिंगनी ऑस्ट्रेलियात दहा वर्षं मुकाट काढली, ती इथे कुरकुरायला लागतात. नव्या इन्व्हर्टर मशीनला याचं काही वाटत नाही, कारण ते आलेली वीज आधी डीसी करून घेतं आणि मग आपला ताल आपणच ठरवतं.

प्रवासही सोपा नसतो. समोरून दार असलेल्या मशीनचा ड्रम स्प्रिंगवर टांगलेला असतो, आणि तो थरथरू नये म्हणून त्याला काँक्रीटचे ठोकळे बांधलेले असतात. (वॉशिंग मशीन इतकं जड का, तर त्यात खरंच दगड असतो!) नवं मशीन येतं तेव्हा हा सगळा झोपाळा ट्रान्झिट बोल्टनी आवळलेला असतो. ते बोल्ट घरमालकाने कधीच फेकून दिलेले असतात. मग लाटांवर आणि खडबडीत रस्त्यांवर ड्रम पत्र्यावर आदळत जातो, आतल्या वायरी ओढल्या जातात, कनेक्टर सैल होतात.

कनेक्टर हा शब्द लक्षात ठेवा. २०१३ च्या एप्रिलमध्ये सॅमसंगने ऑस्ट्रेलियात वरून झाकण असलेल्या काही मॉडेलची सुमारे १ लाख ४४ हजार मशीनं रिकॉल केली, म्हणजे दोष आढळला म्हणून परत मागवली. कारण एका ओळीचं होतं: विजेच्या कनेक्टरमध्ये ओलावा शिरतो आणि आग लागू शकते. ओलावा आणि आग हे शब्द एका वाक्यात विचित्र वाटतात, पण मुंबई-कोकणातल्या कुठल्याही वायरमनला विचारा. पावसाळ्यात स्विचबोर्ड उघडून तो म्हणतो, ‘कार्बन धरलाय.’ गोष्ट तीच.

शुद्ध पाणी विजेचं वाहक म्हणून अगदीच कुचकामी. पण कपड्यांच्या घामातलं मीठ आणि साबणाची पावडर मिसळलेलं पाणी तसं राहत नाही. अशा ओलाव्याचा पातळ थर कनेक्टरच्या दोन टोकांमधल्या प्लास्टिकवर बसला की त्यातून अगदी बारीकसा प्रवाह झिरपतो. त्याने थर तापतो आणि वाळू लागतो, पण सगळीकडे सारखा नाही. मध्येच कोरडी फट पडते, आणि ती ओलांडायला ठिणगी उडते. ठिणगीखालचं प्लास्टिक जळून कोळसा होतं. आणि कोळसा वीज वाहतो! आता पाणी नसलं तरी वाट तयार आहे. पुढच्या धुण्याला पुन्हा ओलावा, पुन्हा ठिणगी, काळी रेघ आणखी थोडी लांब. दोन टोकांमध्ये ती रेघ पूर्ण झाली की प्लास्टिक पेट घेतं. याला ट्रॅकिंग म्हणतात.

प्लास्टिक याला किती दाद देतं हे मोजायची ठरलेली चाचणी आहे. ४ मिलिमीटर अंतरावर प्लॅटिनमची दोन टोकं टेकवायची आणि मध्ये नवसागराच्या ०.१ टक्के द्रावणाचे थेंब टाकायचे, दर ३० सेकंदांना एक, असे ५०. किती व्होल्टपर्यंत काळी वाट पडत नाही ते पाहायचं. प्रयोगशाळेत ५० थेंबांत उरकणारी ही गोष्ट घरात वर्षानुवर्षं चालते, आणि नेमकी तिथेच ती फसवी आहे.

एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, पडत का नाही, हा पुढचा प्रश्न. सोल्डरिंगचं छोटं आयर्न २५ वॉटचं असतं आणि धातू वितळवतं. २३० व्होल्टवर तेवढ्या उष्णतेला ०.११ अँपिअर पुरतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागणार नाही. ईएलसीबी तरी? वीज जमिनीकडे गळली तर ती पडते. इथे प्रवाह फेजकडून न्यूट्रलकडेच जातो आहे, जितका गेला तितकाच परत आला. तिच्या लेखी सगळं ठीक.

कंपनीने केलेली एक दुरुस्ती म्हणजे त्या कनेक्टरवर प्लास्टिकची पिशवी चढवून टेप लावणे. तिच्यावर तिथे बरीच टीका झाली, आणि दुरुस्ती झालेल्या काही मशीननीही पुढे दगा दिला. तत्त्व म्हणून पिशवी अगदीच चूक नाही, वरून टपकणारं पाणी ती अडवते. पण टेप नीट बसली नाही तर तीच पिशवी पाणी धरून ठेवणार. अडचण याहून मोठी होती: रिकॉलनंतर दोन वर्षं उलटली तरी हजारो मशीनांचा पत्ता लागला नव्हता. कुणी विकलं, कुणी घर बदललं, कुणी पदपथावर ठेवलं. अशांतलं एखादं कंटेनरमध्ये चढलं, तर पुढे त्याला शोधणार कोण?

कायदा आहे, पण त्याची नजर एका बाजूलाच आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यानुसार रिकॉल करणाऱ्या विक्रेत्याने आपण ज्यांना परदेशी माल दिला त्यांना लेखी कळवायचं असतं. तिसऱ्या-चौथ्या हातातून गेलेलं मशीन त्याच्या वहीत नसतंच. कचऱ्याच्या बाजूने बाझल करार आहे, एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या कचऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार. २०२५ च्या जानेवारीपासून धोकादायक असो-नसो, कुठलाही ई-कचरा घेणाऱ्या देशाच्या पूर्वसंमतीशिवाय पाठवता येत नाही. पॅसिफिक बेटांसाठी १९९५ चा वैगानी करारही आहे, ऑस्ट्रेलियातून तिकडे धोकादायक कचरा जाऊ नये म्हणून. पण हे सगळं कचऱ्याला लागू. चालू मशीन कचरा नसतं, माल असतो. आणि चालू आहे हे दाखवायला पाच मिनिटं ड्रम फिरवला की भागतं. ट्रॅकिंगचा दोष असलेलं मशीनही त्या पाच मिनिटांत छान फिरतं. माझ्या मते गोची इथे आहे: ज्या चाचणीवर माल आणि कचरा वेगळे होतात, ती हा दोष पकडूच शकत नाही.

खात्री करायची तर मशीनच्या पाठीवरची छोटी चंदेरी पट्टी वाचावी लागते. मॉडेल नंबर, सिरियल नंबर, व्होल्ट, हर्ट्झ, सगळं तिच्यावर असतं. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने २०१२ मध्ये देशोदेशीचे रिकॉल एकत्र शोधता येतील असं पोर्टल सुरू केलं, त्यात ऑस्ट्रेलियाचे रिकॉलही सापडतात. पट्टी खरवडलेली असेल तर मात्र ताडून पाहायला काही उरत नाही. आणि तिरक्या पिनांचा प्लग? जिथे तो बसत नाही तिथे दुकानदार तो आधीच कापून नवा लावतो, कित्येकदा हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर तशीच मोकळी सोडून.