अवकाशयुद्ध विस्तार

हजारो खेळाडू एकाच कल्पित जगात वावरतात अशा ऑनलाइन भूमिकाखेळाला (ज्यात खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो) मागाहून जोडलेला भाग. जमिनीवर चालणाऱ्या पात्राला यात अंतराळयान मिळते आणि इतर यानांशी लढता येते. पात्र, त्याची कमाई, त्याच्या ओळखी हे सारे जुन्या खेळातून तसेच पुढे येते, म्हणून याला स्वतंत्र खेळ म्हणता येत नाही. खेळाडूंच्या तोंडी ‘स्पेस एक्सपान्शन’ हेच नाव रुळले आहे. या प्रकाराचे ठळक उदाहरण ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ या खेळाचा ‘जंप टू लाइटस्पीड’ हा विस्तार होय.

उगमाबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार मूळ ‘स्पेसवॉर!’ या खेळात आहे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत पीडीपी-१ या संगणकावर तो १९६१-६२ च्या सुमारास तयार झाला. दोन याने, मधे ओढणारा तारा आणि प्रत्येकाच्या हाती आपापले यान, एवढाच त्याचा पसारा. दुसरे मत प्लेटो या शैक्षणिक संगणकजालाकडे बोट दाखवते. तिथे १९७३ मध्ये ‘एम्पायर’ आणि १९७४ मध्ये ‘स्पॅसिम’ हे खेळ आले आणि दूरदूरच्या संगणकांवर बसलेली माणसे एकाच अवकाशात एकमेकांशी लढू लागली. पहिली परंपरा हाताच्या चपळाईची, दुसरी एकत्र नांदण्याची. विस्ताराला दोन्ही लागतात. तरी पात्र, संघ आणि बाजारपेठ यांना जे महत्त्व येथे आहे ते पाहता दुसऱ्या मताकडे कल असणे अधिक योग्य वाटते.

‘पहिला’ हा मान कोणाला द्यायचा, हा प्रश्न व्याख्येवर अवलंबून आहे. ‘जंपगेट’ (२००१), ‘अर्थ अँड बियॉन्ड’ (२००२) आणि ‘ईव्ह ऑनलाइन’ (मे २००३) हे ‘जंप टू लाइटस्पीड’च्या आधीचे, पण ते मुळातच अवकाशातले खेळ होते. जमिनीवर उभ्या असलेल्या मोठ्या भूमिकाखेळाला, स्वतःच्या हाताने यान चालवण्याची लढाई मागाहून जोडण्याचा पहिला मोठा प्रयोग म्हणून ‘जंप टू लाइटस्पीड’चेच नाव बहुधा घ्यावे लागेल.

‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ हा मूळ खेळ सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंट या कंपनीने घडवला, लुकासआर्ट्सने २६ जून २००३ रोजी बाजारात आणला. ‘स्टार वॉर्स’ ही चित्रपटमालिका म्हटली की आधी डोळ्यांपुढे याने येतात, आणि याच खेळात ती चालवता येत नव्हती. ही उणीव विस्ताराने भरून काढली. तो २००४ च्या ऑक्टोबरअखेर आला (बहुतेक नोंदींत २७ ऑक्टोबर). बंडखोर, साम्राज्याचा आणि स्वतंत्र असे वैमानिकाचे तीन मार्ग, सुलस्टन व इथोरियन या पात्रांच्या दोन नव्या जाती, ग्रहांभोवतीचे अवकाश, केसेल व खोल अवकाश असे नवे प्रदेश त्यात होते. मोठ्या यानांत आत चालता-फिरता येई. एकाने यान हाकायचे, दुसऱ्याने तोफेवर बसायचे.

वैमानिकीपेक्षाही महत्त्वाची भर म्हणजे यानकारागिराचा व्यवसाय. यानाची बहुतेक सामग्री दुकानात आयती मिळत नसे. ती दुसरा खेळाडू घडवी. अणुभट्टी, इंजिन, ढाल, चिलखत, तोफ, ऊर्जासाठा या प्रत्येक भागाला वजन असे आणि बहुतेकांना ऊर्जा लागे. सांगाड्याला वजनाची मर्यादा, अणुभट्टीला ऊर्जेची. जड तोफ बसवली की ढालीत काटकसर करावी लागे. लढाईत हाती लागलेले भाग कारागिराकडे नेले तर तो ते उलगडून त्यांतून अधिक चांगला भाग घडवी. त्यामुळे कधीही लढाईत न उतरणारा माणूसही अवकाशयुद्धात मानाचा ठरला. या प्रकाराच्या नंतरच्या खेळांत ही गोष्ट फारशी टिकली नाही, ही त्यांची मोठी हानी होय.

तांत्रिकदृष्ट्या खरा बदल वेळेच्या हिशोबात झाला. जमिनीवरच्या लढाईत खेळाडू आज्ञा देतो. घाव बसला की हुकला हे पात्राचे कौशल्य आणि सर्व्हरवरचे (खेळ चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकावरचे) आकडे ठरवतात. आज्ञा पाव सेकंद उशिरा पोचली तरी फार बिघडत नाही. यानाच्या लढाईत नेम खेळाडूला स्वतः धरावा लागतो, आणि तोही शत्रू आहे तिथे नव्हे, गोळी पोचेल तेव्हा तो असेल तिथे. काही खेळांत लक्ष्याच्या पुढे एक लहान खूण दिसते, ती याच गणिताचे उत्तर असते.

हे गणित खानदेशाला नवे नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, तेथील शिलालेख शके ११२८ चा (इ.स. सु. १२०७) मानतात. (भास्कराचार्यांचे विज्जलविड हे गाव पाटणजवळचे की विजापूरकडचे, हा वाद जुना आहे. ‘सह्याद्रीच्या कुशीत’ हे त्यांचेच वर्णन पाहता पाटणचा पक्ष बळकट वाटतो.) भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात मोर आणि सापाचे उदाहरण आहे. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. बिळापासून २७ हातांवरून साप बिळाकडे निघतो आणि मोर तिरपी झेप घेतो. दोघांचा वेग सारखा असेल तर गाठ कुठे पडेल? उत्तर : बिळापासून १२ हातांवर, दोघेही १५ हात गेलेले असतात. मोर साप दिसतो तिथे झेपावत नाही, तो जिथे येणार तिथे झेपावतो. वैमानिकाचे कामही नेमके हेच.

आता या उदाहरणात विलंब घालून पाहावा. सापाचा वेग सेकंदाला ५ हात धरला आणि मोराला ०.३ सेकंदापूर्वीचे चित्र दिसत असेल, तर साप २७ हातांवर दिसतो, पण असतो २५.५ हातांवर. खरी गाठ मग सुमारे ११.१६ हातांवर पडायला हवी. मोर १२ हातांचा हिशोब धरून झेपावला तर तो पोचेपर्यंत साप दीड हात पुढे गेलेला असतो. साप निसटायला तेवढे पुरेसे आहे. हाच तो ‘लॅग’. अहिराणी बोलणारी पोरे ‘गेम अटकना’ म्हणतात. तो झाकण्यासाठी खेळाचा संगणक यानाचा शेवटचा वेग व दिशा धरून त्याचे आताचे स्थान अंदाजाने काढतो. ही युक्ती अमेरिकी लष्कराच्या सिमनेट या सरावजालात १९८० च्या दशकातच वापरली गेली होती. यान सरळ जात असेल तोवर अंदाज बरोबर येतो. झटक्यात वळले की पडद्यावर ते उडी मारल्यासारखे दिसते.

खानदेशातून खेळताना हा विलंब कुठे साठतो, हे नीट सांगणे आवश्यक आहे, कारण दोष बहुधा आपल्या गावाच्या अंतराला दिला जातो. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. जळगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. तारही तेवढीच लांब धरली तर जाऊन-येऊन जेमतेम ४ मिलिसेकंद (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) लागतात. मुंबईपासून अमेरिकेचा पश्चिम किनारा मात्र १४ हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे जाऊन येण्यास निदान १४० मिलिसेकंद लागतात. समुद्रातल्या तारा वळणे घेत जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. ‘गॅलक्सीज’चा सर्व्हर भारतात नव्हता. ऑक्टोबर २००४ मध्ये तर फोनच्या तारेवरचे डायल-अप इंटरनेटच सर्रास होते आणि ते स्वतःचे शंभराहून अधिक मिलिसेकंद वर घालत असे. बीएसएनएलचे ब्रॉडबँड २००५ पासून सुरू झाले. त्याच काळात राज्यात विजेची मोठी तूट होती आणि गावोगावी रोजचे भारनियमन होते. लढाईच्या मधेच लाईट गेली की यान हातचे गेले. शिवाय दरमहा १४.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळचे पावणेसातशे रुपयांच्या घरातले वर्गणीशुल्क आणि ते भरायला क्रेडिट कार्ड. सायबर कॅफेतल्या पोरांनी एका खोलीतल्या एका जाळ्यावर चालणारे खेळ जवळ केले, त्याचे कारण आवडीत नव्हते, या हिशोबात होते.

‘ईव्ह ऑनलाइन’ने ही अडचण वेगळ्या वाटेने टाळली. तिथे सर्व्हर सेकंदातून एकदाच हिशोब करतो. खेळाडू ‘याच्याभोवती फिर’, ‘जवळ जा’ अशा आज्ञा देतो. तीनशे मिलिसेकंदांचा विलंब तिथे फारसा जाणवत नाही. हजारो याने एकत्र आली की खेळातला काळच मंदावतो, अगदी एक दशांशापर्यंत. ही सोय २०१२ च्या सुरुवातीची. दूरच्या खेळाडूच्या दृष्टीने ही रचना अधिक न्याय्य आहे, हाताची चपळाई तिच्यात उरत नाही हे मान्य करूनही.

२००५ च्या नोव्हेंबरमध्ये ‘गॅलक्सीज’च्या जमिनीवरच्या खेळाची रचना मुळापासून बदलली आणि बरेच जुने खेळाडू सोडून गेले. १५ डिसेंबर २०११ रोजी सर्व्हर बंद झाले. पाचच दिवसांनी बायोवेअर या कंपनीचा ‘स्टार वॉर्स’वरचाच ‘द ओल्ड रिपब्लिक’ हा खेळ आला. त्यातली अवकाशातली लढाई ठरलेल्या वाटेवरून जाणारी होती. मोकळे उड्डाण त्याला ‘गॅलॅक्टिक स्टारफायटर’ या विस्ताराने दिले. तो वर्गणीदारांना ३ डिसेंबर २०१३ पासून व सर्वांना फेब्रुवारी २०१४ मध्ये खुला झाला. त्यात दोन्ही बाजूंना बारापर्यंत याने असतात आणि पात्राची जमिनीवरची पातळी मोजली जात नाही. यानकारागीर मात्र त्यात नाही. ‘जंप टू लाइटस्पीड’ चाहत्यांनी उभारलेल्या सर्व्हरवर आजही खेळला जातो.